रिकाम्या घराचे आठ फोटो

राबाच्या धुराचं मला कौतुक नाही. आधीच सांगून टाकते, कारण या दिवसांत पुण्याहून पौडच्या गाडीनं निघालेली काही सुशिक्षित मंडळी पिरंगुटच्या अलीकडेच खिडकीबाहेर नाक काढतात आणि म्हणतात, "अहाहा! मातीचा वास!" मातीचा कसला डोंबलाचा? शेणाचा वास आहे तो. खाली शेण, त्यावर डोंगरातून तोडून आणलेली कवळं, म्हणजे पानांसकट वाळवलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, त्यावर गवत, सगळ्यावर ढेकळं फोडून पसरलेली माती, आणि मग वारा पडलेला बघून काडी. ज्वाळा उठता कामा नये, नुसतं धुमसलं पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडाला भाताचं बी इथंच पेरायचं असतं, म्हणून जमीन भाजून घ्यायची, तोच राब. ते चार-आठ दिवस अख्खं खोरं खोकत असतं. ज्यांना या वासानं कविता सुचते त्यांनी एकदा डोक्यावर कवळाचा भारा घेऊन डोंगर उतरावा. पहिल्याच वळणावर कविता खाली पडेल.

यंदा मीही त्याच गाडीनं, त्याच धुरात उतरले. होळी होऊन गेली होती. भरे गावाकडच्या गाडीवाटेनं वाडीकडं चालताना दोन्ही बाजूंना काळे चौकोन धुमसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं होतं, उगीच दुसरं काही समजू नये.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी इथं एक कॅमेरा घेऊन आले होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

वाडीच्या टोकाला, वाट ओढ्यात उतरते तिथं, हौसाआत्याचं घर आहे. हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोवर नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला बैलगाडीत घालून माहेरी धाडलं. आजोबांनी तिला वाडीच्या टोकाचं हे तीन खणांचं घर काढून दिलं. दिलं म्हणजे काय, तर भावकीला देवळात बसवून शब्द टाकला: "हौसाची चूल जळंल तवर घर हौसाचं. चूल इजली की घर परत घरान्यात." कागद नाही, शिक्का नाही. पोटच्या लेकीला घर द्यायचं तर सरळ तिच्या नावानं द्यावं की नाही? नाही. लेकीला द्यायला जीव होईना, म्हणून चुलीला दिलं. आणि आत्यानं चाळीसेक वर्षं त्या चुलीतला विस्तव मोडू दिला नाही. रात्री राखेखाली निखारा पुरायचा, पहाटे फुंकायचा. परगावी लग्नाला गेली तरी शेजारणीला सांगून जायची. मला हा सगळा प्रकार लाजिरवाणा वाटायचा. घराच्या हक्कासाठी बाईनं जन्मभर राख फुंकत बसायचं!

माझं सांगायचं तर मी छापखान्यात वाढले. वडील पुण्यात कंपोझिटर होते. मी अक्षरं वाचायला शिकले ती उलटी, छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरची. वडील गेल्यावर मी एका समितीचं काम धरलं आणि हस्तपत्रकं लिहायला लागले. हस्तपत्रकाला एक रीत असते. पहिलं वाक्य गालावर बसलं पाहिजे. दुसऱ्या वाक्यात गुन्हेगार दिसला पाहिजे. "कदाचित", "बहुधा", "थोडंफार" असले शब्द खिळे वाया घालवतात. मी लिहिलेलं पत्रक बाजारात उभं राहून वाचलं जातं, याचा मला भयंकर अभिमान होता. अजूनही आहे थोडा. जात नाही.

त्या वर्षी पौषात आत्या अंगणात घसरून पडली, तिला ताप भरला, आणि माझा चुलतभाऊ नामदेवदादा तिला आपल्या घरी घेऊन गेला. वीस-बावीस दिवस ती तिथं होती. परत आली तर घर चाटूनपुसून रिकामं. भाताची कणगी गेली, जातं गेलं, पितळी घागर गेली, पाटा-वरवंटा गेला, माजघराचं दार बिजागरीसकट उचकटून नेलेलं. देव्हाऱ्यातले टाक तेवढे ठेवले होते. देवाला घाबरतात ना! नामदेवदादाचं म्हणणं, "आत्या आता हिथंच ऱ्हानार, मंग सामान तितं कशाला कुजवायचं?" खरं कारण सगळ्या वाडीला माहीत होतं. रस्त्याच्या कामाच्या ठेकेदाराला सिमेंटची पोती ठेवायला वाटेवरची कोरडी जागा हवी होती. म्हातारी मरायची वाट बघवेना, म्हणून तिच्या देखत वाटणी.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच विचित्र वाटली होती आणि मी तिला हसले होते. घर लुटलं, पण ते वीस-बावीस दिवस नामदेवदादाची बायको रोज संध्याकाळी जाऊन चुलीतला विस्तव राखत होती. दार उचकटणारी माणसं निखाऱ्यावर राख ओढायला मात्र जातीनं हजर! मी आत्याला म्हटलं, "बघ यांचा ढोंगीपणा." आत्या मिसरी लावत होती. तोंडातून बोट काढून म्हणाली, "आगं, चोर झालं तरी मानसंच हायेत. चूल मोडत्यात व्हय?"

मी वहीत लिहून घेतलं: ढोंग. अधोरेखित केलं.

कॅमेरा डब्याचा होता, आमच्या पेठेतल्या एका फोटोवाल्याचा, उसना आणलेला. एका रोलात आठ फोटो. मागच्या लाल काचेतून आकडा दिसतो, तो बघत बघत किल्ली फिरवायची. फोटोवाल्यानं बजावलं होतं, घरात उजेड कमी असतो, तेव्हा कॅमेरा स्टुलावर ठेव, खटका दाबून धर, मनात दहा मोज. "आणि हलणारं काही समोर ठेवू नकोस. माणूस हलतं, भिंत हलत नाही." मला हे फार पटलं. माणसं नकोतच. रिकाम्या खोल्याच आरोप करतील, अशी माझी कल्पना.

स्टूल कुठलं असायला? तेही नेलेलं. शेजारून धान्याचं एक माप आणलं, पालथं घातलं आणि त्यावर कॅमेरा ठेवला.

आत्या मागं मागं फिरत होती. "ह्ये काय काडतीस?"

"सोपा."

"सोप्यात काय हाय?"

"काही नाही, तेच काढतेय."

"भिताडाचा फोटू? भिताडाचं काय लगीन जमवायचंय का कुटं?"

मी हसले नाही. कामाच्या वेळी मी हसत नसे. तिला म्हटलं, बाजूला हो, तुझी सावली येते. ती बाजूला झाली. सोप्याच्या भिंतीवर खुंटी होती, तिच्याखाली चाळीस वर्षं लोंबलेल्या कांबळ्यानं भिंतीला घासून घासून केलेला गुळगुळीत लांबोडा पट्टा होता. माजघरात कणगीच्या जागी जमिनीवर वाटोळी फिकट खूण, जणू कुणी परात ठेवून शेणानं सारवलं होतं. जात्याच्या जागेशेजारी दोन खळगे, एक लहान, एक मोठा. बसणाऱ्या बाईच्या टाचेचा आणि घोट्याचा. रिकाम्या घरात इतकं काही शिल्लक असतं हे मला आत जाईपर्यंत माहीत नव्हतं. पण मी काही तेव्हा त्या खळग्यांकडे बघत बसले नाही. मी उजेड बघत होते. कोनाड्यावरची काजळी फोटोत उठून दिसेल का, याचा विचार करत होते. सोप्यात आत्याची एक गोधडी, एक गाडगं आणि चिमणी होती. तिनं परत आल्यावर शेजारून मागून आणलेला संसार. मी तो उचलून परड्यात नेऊन ठेवला. फोटोत ते सामान आलं असतं तर घर पुरतं रिकामं दिसलं नसतं.

हे आज लिहिताना मलाच माझा हात धरावासा वाटतो. नामदेवदादानं घर रिकामं केलं. उरलेलं मी केलं, आणि तेही अन्यायाविरुद्ध.

स्वयंपाकघर शेवटी. दोन फोटो उरले होते. चुलीत लाकूड धुमसत होतं आणि सगळी खोली निळ्या धुरानं भरली होती. त्यात बाहेरून राबाचा धूर. खटका दाबून दहा मोजायचे तर कागदावर नुसता ढग उमटणार. आत्या घागर मागून ओढ्यावर गेली होती. मी थोडा वेळ पदरानं धूर हाकलला. मग परड्यात ठेवलेलं ते गाडगं पाण्यानं भरून आणलं आणि चुलीत ओतलं.

चूल फुत्कारली. तो आवाज मला आठवतो, आणि त्यानंतर आलेला ओल्या राखेचा वास. तो मात्र राबाच्या वासासारखा अजिबात नव्हता. मी थांबले, धूर जाऊ दिला, चिखल झालेली राख केरसुणीनं भरली, चुलीचं तोंड स्वच्छ केलं, फोटो काढला. दहा मोजले. दुसरा काढला. तेही दहा मोजले.

वळून बघते तर आत्या उंबऱ्यात. डोक्यावर घागर तशीच.

"इजवलीस?"

"धूर येत होता गं. झालं माझं. पेटव आता."

तिनं घागर उतरवली. चुलीसमोर बसली आणि आत हात घालून बघितलं, तव्याची ऊब बघतात तसं. मग म्हणाली, "पानी पडल्याव लगीच इस्तू घालत न्हाईत. तीन दिस जाऊ द्यावं लागत्यात."

"असं काही नसतं आत्या."

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्यात नसंल."

मला संध्याकाळची गाडी गाठायची होती.

आत्यानं तीन दिवस शेजारी भाकरी खाल्ली, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, आणि चौथ्या पहाटे शेणीवर निखारा घालून आणून चूल पेटवली. कुणाला कळलं नाही. कळू दिलं नाही. ती सहज निभावून नेणार होती. पण मी पुण्यात त्या फोटोचा छपाईचा ब्लॉक करून घेतला होता.

पत्रक चांगलं झालं होतं, हे मी अजूनही म्हणेन. डावीकडं रिकाम्या चुलीचा फोटो, तोंड स्वच्छ, आतली काळी पोकळी नीट उठलेली. उजवीकडं मजकूर. शेवटचं वाक्य मोठ्या खिळ्यात: "या घरात आता चूलही पेटत नाही!" हे वाक्य मला गाडीतच सुचलं होतं. पिरंगुटपर्यंत पूर्ण झालं होतं. खोटं होतं का? मी काढलेल्या फोटोपुरतं खरं होतं. पौडच्या एस. टी. स्टँडवर बाजाराच्या दिवशी आम्ही ते वाटलं. लोकांनी वाचलं, चुकचुकले, त्यालाच भज्यांचं तेल पुसलं. नामदेवदादाला वाचता येत नाही फारसं. त्याच्या मेव्हण्यानं वाचून दाखवलं, दोनदा. मला सांगणाऱ्यानं सांगितलं की दुसऱ्यांदा ऐकताना दादा हळूच खाली बसला आणि म्हणाला, "परत वाच. शेवटचं."

पत्रक वाटल्यापासून पाचव्या दिवशी भावकी बसली.

देवळाच्या ओट्यावर पुरुष, पायरीखाली बायका. मी पायरीवर बसले, ना वर ना खाली, कारण तो माझा निषेध होता. माझ्यासोबत समितीचे चिटणीस आले होते. पांढरं धोतर, खादीची पिशवी, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी "मुळात". भावकीतले वडीलधारे दगडूतात्या घोंगडीवर बसले होते. माझ्या आजोबांनी शब्द टाकला तेव्हा तिथं हजर असलेल्यांपैकी ते एकटेच उरले होते. समोर माझं पत्रक. घडी पडून पडून फाटलेलं.

नामदेवदादा म्हणाला, "आमी काय बोलत न्हाई. बोललो तर म्हंत्याल सोताच्या फायद्याचं बोलतोय. हिनंच छापलंय. फोटूबी हिचाच. चूल इजल्याली हाय का न्हाई, बगा."

"आता पेटती हाय," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

"आता हाय. मदी इजली. शबूद काय हुता? जळंल तवर."

दगडूतात्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, खाली ठेवलं. म्हणाले, "चूल इजली ह्ये दिसतंय. पर कुनी इजवली? हौसानं सोताच्या हातानं इजवली आसंल तर तिनं घर सोडलं. दुसऱ्यानं इजवली आसंल तर दोष तिचा न्हाई, घर तिचंच. बोला. चूल कुनी इजवली?"

तीन शब्दांचं उत्तर होतं. मला माहीत होतं. आत्याला माहीत होतं. तिसरं कुणी पाहिलं नव्हतं.

चिटणीस माझ्या कानाशी आले. "मुळात हा प्रश्नच मान्य करू नका. चूल हा मुद्दाच नाही. हक्क हा मुद्दा आहे. त्यांच्या खुळचट चौकटीत शिरलात की हरलात." मला ते इतकं बरोबर वाटलं! मी उभी राहिले आणि बोलले. चांगली वीस मिनिटं बोलले. बाईचा घरावरचा हक्क, लेकीचा वाटा, माणसापेक्षा राखेला मोठं मानणारा समाज. आवाज चढला, उतरला, योग्य जागी थांबला. लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं डुलकीही काढली, पण बहुतेक ऐकत होते.

मी बसल्यावर दगडूतात्या म्हणाले, "ते आसंल बाई. चूल कुनी इजवली?"

मला वाटलं, म्हातारा बहिरा तरी असेल किंवा मठ्ठ. यावेळी चिटणीस उभे राहिले. "मुळात," ते म्हणाले, आणि पुढं बराच वेळ.

दगडूतात्यांनी पान जमवलं. तोंडात टाकलं. मग मान वळवून तिसऱ्यांदा विचारलं, "चूल कुनी इजवली?"

मी गप्प बसले. भूमिकेवर ठाम होते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर भूमिका ही वस्तू त्या क्षणी फार उबदार होती, आत्याच्या गोधडीसारखी, आत डोकं घालून बसायला. कारण "मी ओतलं पाणी" म्हटलं असतं तर मग पत्रकातलं ते मोठ्या खिळ्यातलं वाक्य कुणाचं उरलं असतं? ज्या घरात चूल पेटत नाही अशी मी बोंब मारली त्या घरातली चूल मीच विझवली होती. चिटणीस शेजारी बसलेले. सगळा बाजार पत्रक वाचून बसलेला.

पायरीखालून आत्या म्हणाली, "मीच."

बायकांत कुजबुज झाली. नामदेवदादाची बायको तोंडाला पदर लावून आत्याकडं बघत राहिली. ती आनंदानं बघत नव्हती. मला तेव्हा तेही नीट दिसलं नाही.

घर गेलं. परतीच्या वाटेवर चिटणीस म्हणाले, "मुळात, तुमच्या आत्याबाईंनीच घात केला. जाणीव नाही हो यांना." आणि मी, ऐका, मी मान हलवली.

त्यानंतर तीन वर्षं सिमेंटची पोती. आत्या नामदेवदादाच्या गोठ्याशेजारच्या पडवीत. तिला खायला मिळतं, हे खोटं कशाला बोलू. दादाची बायको भाकरी गरम देते. पण आत्याला तिथं चूल नाही. भाकरी दुसऱ्याच्या चुलीवरची. पडवीत बसून ती वाडीच्या टोकाकडं बघत नाही, पाठ करून बसते. मी मधून मधून येत गेले, केळी आणली, औषध आणलं, पुण्याला चल म्हटलं. "तुज्या त्या येका खोलीत? मोरीत निजू का?" म्हणाली. मी आणखी पत्रकं लिहिली, दुसऱ्या घरांची, दुसऱ्या म्हाताऱ्यांची. पहिलं वाक्य गालावर, दुसऱ्यात गुन्हेगार. पण प्रत्येक वेळी फोटो निवडायला बसले की मी सामान परड्यात ठेवणारा हात शोधायला लागते. समितीत सगळे म्हणाले, पूर्वीची धार राहिली नाही. चिटणीस आता मोठ्या समितीत गेले आहेत. त्यांची धार आहे तशीच आहे. कशावर कधी लागलीच नाही, तर बोथट कशी होणार?

यंदा ठेकेदाराचं काम संपलं. पोती गेली. घर पुन्हा रिकामं. नामदेवदादाचा विचार असा की कौलं उतरवावीत, वासे काढावेत, आणि जागेत कांदा लावावा. त्यासाठी उद्या भावकी बसणार आहे. हे कळलं म्हणून मी आले.

काल दुपारी एकटीच त्या घरात गेले. कॅमेरा नव्हता. भिंतींना कमरेपर्यंत करडा थर, जमिनीवर सिमेंट सांडून पाणी लागून घट्ट झालेले पापुद्रे. कणगीची खूण गेली. जात्याजवळचे खळगे बुजले. टाचेचा आणि घोट्याचा, दोन्ही. माझ्याकडं त्या खळग्यांचा फोटो आहे म्हणाल तर तोही नाही. त्या दिवशीच्या आठांतले चार काळे निघाले होते. मी खटका लवकर सोडला होता. दहा मोजायला सांगितलं असताना सहावरच. घाई होती ना.

तिथून सरळ दगडूतात्यांकडं गेले. ते बांधावर बसून आपल्या राबाकडं लक्ष ठेवून होते. वारा फिरला तर ज्वाळा उठते, मग फांदी घेऊन झोडावी लागते. मी शेजारी बसले. काहीच प्रस्तावना न करता म्हटलं, "तात्या, चूल मी विझवली होती. पाणी मी ओतलं."

तात्या राबाकडंच बघत होते. "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तवापासनं. हौसा चुलीत पानी ओतंल? येडी का खुळी तू? आमाला समद्यांना म्हाईत हुतं. नामदेवालाबी."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. दया नव्हती नजरेत. बैल बाजारात उभा राहतो तेव्हा त्याचे दात बघतात तसं बघितलं. "आमी कसं बोलायचं? आमी हुतो का तितं? ज्यानं केलं त्यानं बोलायचं. भावकीत तीन येळा इचारायची रीत हाय, कशापाय? पैल्या येळंला मानूस घाबरतंय. दुसऱ्या येळंला इचार करतंय. तिसऱ्यांदा तुज्याकडं मान करून इचारलं म्या. पान खाऊन येळ काडला. तू आपली गप."

ओढ्यापलीकडच्या राबात ज्वाळा उठली होती. कुणाच्या तरी बायकोनं धावत जाऊन ती झोडली.

त्या म्हाताऱ्याला मी मठ्ठ म्हटलं होतं. चार पत्रकांत "जुनाट", "अडाणी", "सरंजामी" हे शब्द मी त्याच्या ओट्याकडं बघून लिहिले. हे शब्द मी मागं घेत नाही. बायकांना पायरीखाली बसवणारा ओटा जुनाटच आहे, लेकीऐवजी चुलीला घर देणारी रीत हलकटच आहे, आणि नामदेवदादा दार उचकटून नेणारा चोरच आहे. पण त्या हलकट रीतीनं मला तीन वेळा दार उघडून दिलं होतं आणि मी उंबऱ्यात उभी राहून भाषण केलं. हे कुठल्या पत्रकात बसवायचं? गुन्हेगार दुसऱ्या वाक्यात दिसला पाहिजे म्हणतात. तीन वर्षं लागली.

मी विचारलं, "आता सांगितलं तर घर मिळेल तिला?"

"त्ये भावकी ठरवंल. नामदेव भांडंल. तीन साल झाली म्हनंल. पर घर आजून मोडल्यालं न्हाई." उठता उठता त्यांनी गुडघे झाडले. "मला सांगून काय हुतंय? परवा सांग. तितं."

संध्याकाळी पडवीत आत्याला सांगितलं. म्हशीचं रवंथ चाललं होतं. मला वाटलं होतं ती रडेल, निदान डोळे पुसेल. कुणीतरी रडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आता उमाळा आला व्हय? तीन पावसाळं झालं."

"तू का 'मीच' म्हणालीस?"

"तुज्या नावाव माह्यारची चूल इजवल्याली लागली आसती. तुजं लगीन व्हायचं हुतं."

"मला लग्न करायचंच नव्हतं!"

"मला काय म्हाईत? तू कवा सांगितलंस? भिताडाचं फोटू काडत हुतीस." मग, जरा खालच्या आवाजात, "आनि तुला सांगायचं आसतं तर तू सांगितलंच आसतंस. तोंड काय शिवल्यालं का तुजं? येवढं बोललीस त्या दिशी, दम लागला तुला, म्या बगितलं. म्हनलं, हिला न्हाई सांगायचं. ऱ्हाऊ दे."

मी म्हटलं, परवा सांगणार आहे. सगळ्यांसमोर. नामदेवदादा आणि बाजारातले लोक असले तरी. मी कागदावर मुद्देही काढलेत. आधी तो शब्द कसा टाकला गेला ते मांडते, मग घर कसं लुटलं ते, मग पत्रकाची हकिगत...

आत्यानं माझ्या हातातला कागद घेतला. तिला अक्षर येत नाही. तिनं तो उलटा धरला, सुलटा धरला, चौघडी केली आणि म्हशीच्या दाव्याखाली सारला.

"उबी ऱ्हाऊन बोल," ती म्हणाली. "पायरीव न्हाई, खाली मातीत. पानी म्या ओतलं म्हन, आनि बस. लांबड लावू नगंस."